ऱ्हास कशाचा, कधीपासून, कशामुळे?

"समाजात मूल्यांचा ऱ्हास होत चालला आहे." अग्रलेखात, पुस्तकाच्या प्रस्तावनेत, अध्यक्षीय भाषणात, शाळेच्या निबंधात हे वाक्य कुठेही खपते. त्याला कुणी हरकत घेत नाही, कारण हरकत घ्यायला त्यात धरण्यासारखे काही नसतेच. मूल्ये कोणती, ती कोणाकडे होती, कोणत्या काळात होती, आज किती उरली, गेली ती कोणामुळे, यातले काहीही वाक्यात नाही. वाचकाच्या मनात फक्त एक उदास होकार उमटतो आणि लेख पुढे सरकतो.

ऱ्हास हा तुलनेचा शब्द आहे. आधीची स्थिती आणि नंतरची स्थिती अशी दोन टोके बांधल्याशिवाय तो उभा राहत नाही. मराठी साहित्यविचारात मात्र तो निकालाचा शब्द होऊन बसला आहे. त्याची किंमत साहित्याचे इतिहास, पुस्तक-परीक्षणे, भाषेची चर्चा आणि कथा-कादंबऱ्या, असे सगळेच लेखन मोजत आहे. म्हणून संपादकांनी, परीक्षकांनी आणि पाठ्यपुस्तके करणाऱ्यांनी हा शब्द हस्तलिखितात दिसला की तिथे थांबावे आणि लेखकाला चार गोष्टी विचाराव्यात: कशाचा, कधीपासून, कोणत्या मापाने आणि कशामुळे. चारपैकी दोन उत्तरेही मिळाली नाहीत, तर तो शब्द काढावा.

ही मागणी कडक वाटेल. पण शब्दाचा जुना वापर याहून कडक होता. संस्कृत 'ह्रास' हा 'ह्रस्' धातूपासून आला. 'ह्रस्व' त्याचाच भाऊ. आखूड होणे, कमी होणे एवढाच अर्थ. वेदांगज्योतिष या प्राचीन कालगणनेच्या ग्रंथात तो दिनमानाच्या गणितात येतो: 'घर्मवृद्धिरपां प्रस्थः क्षपाह्रास उदग्गतौ'. सूर्य उत्तरेकडे सरकत असताना घटीयंत्रातल्या पाण्याच्या मापाने दिवस रोज एक प्रस्थ वाढतो आणि रात्रीचा तेवढाच ह्रास होतो. दक्षिणायनात हेच उलटे. संपूर्ण अयनात फरक पडतो सहा मुहूर्तांचा, म्हणजे चार तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा. दिवसाला साधारण दीड मिनिट. इथे ह्रासाला माप आहे, आरंभ आहे, शेवट आहे, आणि त्याच्या जोडीला वृद्धी आहे. रात्र लहान झाली म्हणून कुणी हळहळत नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पहिल्याच अध्यायात हा शब्द पुन्हा भेटतो: 'सर्वदा सर्वभावानां सामान्यं वृद्धिकारणम् । ह्रासहेतुर्विशेषश्च'. सारख्या गोष्टीने सारखी गोष्ट वाढते, वेगळ्या गोष्टीने घटते. वैद्याला ह्रास दिसला की त्याचा हेतू शोधायचा असतो, कारण हेतू सापडला की उपाय सापडतो. हेतूशिवायचा ह्रास या शास्त्रात बसतच नाही.

मग आपल्या आजच्या वापरातली ती हताशा आली कुठून? ती दुसऱ्या परंपरेची आहे. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात कृतयुगात माणसाचे आयुष्य चारशे वर्षांचे सांगितले आहे आणि पुढे म्हटले आहे, 'आयुर्ह्रसति पादशः': प्रत्येक युगात पावपावाने घटत जाते. चारशे, तीनशे, दोनशे, शंभर. इथेही आकडा आहे, पण कारण काळ हेच. काळच घटवतो म्हटल्यावर कोणाला जबाबदार धरायचे आणि काय दुरुस्त करायचे? आपण आज 'ऱ्हास' लिहितो तेव्हा ऐट पहिल्या परंपरेची असते, जणू काही मोजून सांगतो आहोत. आणि मन दुसऱ्या परंपरेचे असते, कलियुगाचे. लेखनातला सगळा घोटाळा या भेसळीतून होतो.

गीतेने अशाच प्रसंगी, धर्माची घसरण सांगताना, ह्रास शब्द घेतला नाही, 'ग्लानि' घेतला. ग्लानी म्हणजे थकवा, आजारात येणारी गुंगी. ग्लानीतला माणूस शुद्धीवर येऊ शकतो, म्हणूनच त्याच श्लोकाच्या शेवटी अवताराला जागा राहते. ज्ञानेश्वरांनी त्यावर लिहिताना आणखी एक काम केले: 'जे वेळीं धर्मातें अभिभवी । अधर्मु हा'. त्यांनी वाक्याला कर्ता दिला. धर्म आपोआप थकला नाही, अधर्माने त्याला दडपले.

मराठीत ऱ्हासाविषयीचे सर्वांत काटेकोर वाक्य कोणते, असे विचारले तर मी एकनाथांची एक ओवी पुढे करीन. त्यात ऱ्हास हा शब्दही नाही. ज्ञानेश्वरी 1290 ची. पुढच्या जवळपास तीनशे वर्षांत ती हाताने उतरवली गेली, तोंडपाठ म्हटली गेली आणि तिच्यात पाठभेद साचले. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली तिचे शोधन केले आणि लिहिले:

ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरें शुद्धाबद्ध ।
तो शोधूनियां एवंविध । प्रतिशुद्ध सिद्ध ज्ञानेश्वरी ॥

चार चरणांत किती गोष्टी नोंदवल्या आहेत पाहा. मूळ स्थिती: अतिशुद्ध. बिघाडाचे कारण: पाठांतरे. बिघाडाचे स्वरूप: शुद्धाबद्ध, म्हणजे शुद्ध आणि अशुद्ध मिसळलेले, सगळा ग्रंथ भ्रष्ट झाला असे ते म्हणत नाहीत. उपाय: शोधणे. निष्पत्ती: प्रतिशुद्ध प्रत. साल शेजारच्याच ओवीत दिले आहे. कलियुगाला दोष नाही, वारकऱ्यांच्या अडाणीपणाला बोल नाही, गेलेल्या वैभवाचे रडगाणे नाही. बिघाड किती आणि कशाने हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी तो दुरुस्त केला. ग्रंथाच्या अवस्थेविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही ओवी डोळ्यांसमोर ठेवावी.

दुसरे उदाहरण महात्मा फुल्यांचे, 'शेतकऱ्याचा असूड' मधले. 'विद्येविना मति गेली. मतीविना नीति गेली. नीतिविना गति गेली. गतिविना वित्त गेले. वित्ताविना शूद्र खचले. इतके अनर्थ एका अविद्येने केले.' हा उतारा भिंतींवर रंगवून इतका ओळखीचा झाला आहे की त्याची रचना आता कुणी पाहत नाही. तो एका मोठ्या समाजाच्या घसरणीचा आलेख आहे. प्रत्येक पायरीला 'विना' आहे, म्हणजे प्रत्येक पायरीचे कारण तिच्या आधीच्या पायरीत दाखवले आहे. क्रम उलटा फिरवून पाहिला की उपायाचा रस्ताही दिसतो: आधी विद्या. 'गेली, गेली, गेली, गेले' असे चालत आलेले क्रियापद माणसांपाशी पोचताच 'खचले' होते. गोष्टी जातात, माणसे खचतात. शेवटच्या तुकड्यात 'झाले' न लिहिता फुल्यांनी 'केले' लिहिले. अनर्थाला करणारी मिळाली, अविद्या. आणि ती अविद्या कोणी लादली हे पुस्तक पुढे पानोपानी सांगते. याच मजकुराच्या जागी 'शूद्रांचा सर्वांगीण ऱ्हास झाला' हे वाक्य ठेवून पाहा. माहिती खोटी ठरत नाही, पण कारण, क्रम, माणूस आणि दोषी हे चारही एकदम गळून पडतात.

हा गळणारा भाग व्याकरणात बसलेला आहे. 'ऱ्हास' बहुधा षष्ठीला चिकटून येतो आणि त्याच्या मागे 'होणे' लागते: जंगलांचा ऱ्हास झाला, वाचनसंस्कृतीचा ऱ्हास होत आहे. 'जंगले तोडली' म्हटले की कोणी तोडली हा प्रश्न जिभेवर येतोच. 'ऱ्हास झाला' म्हटले की येत नाही. 'ऱ्हासोन्मुख' हा तर त्याहून अवघड शब्द. तो भविष्याचा दावा करतो, वस्तूचे तोंड खालच्या दिशेला आहे असे सांगतो आणि पुरावा देण्याची वेळ पुढे ढकलतो. परीक्षणात हे विशेषण दिसले की ते मी नेहमी संशयाने वाचतो. बहुतेकदा त्याच्या आगेमागे पुस्तकातला एकही उतारा नसतो.

साहित्याच्या इतिहासात सर्वांत मोठी गफलत होते ती राजकारणातला ऱ्हास साहित्याच्या अंगावर टाकल्याने. उत्तर पेशवाई हा मराठी सत्तेच्या उतरणीचा काळ, याबद्दल वाद नाही. 1818 ला राज्य गेले. पण शालेय आणि लोकप्रिय मांडणीत याच सालाच्या छायेत लावणी येते आणि 'विलासी ऱ्हासकाळाचे अपत्य' ठरते. त्या काळात लिहीत कोण होते? राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, प्रभाकर, सगनभाऊ, परशराम. यमकाची, चालीची आणि बोलीची एवढी जाण एकाच वेळी एवढ्या कवींमध्ये मराठीने क्वचितच पाहिली असेल. फडावर लावणी म्हणणारा अनंत फंदीच 'बिकट वाट वहिवाट नसावी, धोपट मार्गा सोडू नको' हा फटका लिहितो आणि 'घनश्याम सुंदरा श्रीधरा' ही भूपाळी होनाजीची. या कवींपैकी अनेकांना पेशवाईचा आश्रय होता, आश्रय तुटल्यावर त्यांच्या पोटावर आले, हे खरे. तो आश्रयाचा ऱ्हास झाला. कवितेचा झाला म्हणायचे असेल, तर कवितेतून दाखवावे लागेल: कोणता छंद सैल झाला, कोणती प्रतिमा घासून गुळगुळीत झाली, कोणता कवी आधीच्याची नक्कल करू लागला. तसे दाखवता येते. काही लावण्यांत शृंगाराची तीच ती वर्णने येतात आणि ती खरोखरच कंटाळवाणी आहेत. पण ते काम ओळीगणिक करायचे आहे. राजा पळाला म्हणून कवी बिघडला, हे अनुमान चालणार नाही.

भाषेच्या चर्चेत मापाचा प्रश्न आणखी टोकदार होतो. संस्कृत व्याकरणकार पतंजलीने महाभाष्यात 'गौः' या एका शुद्ध शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे अपभ्रंश नोंदवले आहेत. अपभ्रंश म्हणजे खाली पडलेले रूप. त्याच 'गावी'च्या वळणाने आपली 'गाय' आली. पतंजलीच्या मापाने अख्खी मराठी हा भाषेचा ऱ्हास ठरेल. खुद्द 'ऱ्हास' हे रूपसुद्धा 'ह्रास'मधल्या ह आणि र यांची अदलाबदल होऊन आले आहे, जसे 'चिह्न'चे 'चिन्ह' आणि 'आह्वान'चे 'आव्हान'. रूप बदलणे हे भाषेच्या ऱ्हासाचे माप मानले तर हातात काही उरणार नाही.

मग माप कोणते? इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी एक प्रयत्न केला होता. शिवकाळाचा भाषेवर काय परिणाम झाला हे पाहण्यासाठी त्यांनी तीन काळांतल्या पत्रांतले शब्द मोजले. 1628 च्या पत्रात मराठी शब्द शेकडा 14 च्या आसपास, बाकीचे फारसी. 1677 च्या पत्रात मराठी 62. 1728 च्या पत्रात 93 च्या वर. या मोजणीवर आक्षेप घेता येतात आणि घेतलेच पाहिजेत: पत्रे तीनच, ती कारभाराची, आणि कारभाराच्या भाषेवरून घरातल्या भाषेचा अंदाज बांधता येत नाही. पण आक्षेप घेता येतात हाच त्या मांडणीचा गुण. कुणीही आणखी तीनशे पत्रे मोजून राजवाड्यांना खोडू शकतो. मराठी 'मुमूर्षू' आहे, मरणाला टेकली आहे, हा राजवाड्यांच्याच नावे सांगितला जाणारा उद्गार मात्र त्या मोजणीपेक्षा कितीतरी जास्त गाजला. भाषणांत आजही तोच फिरतो.

आजच्या चर्चेलाही हाच नियम लावावा. जनगणनेनुसार मराठी मातृभाषा सांगणारे 2001 मध्ये सुमारे 7.19 कोटी होते, 2011 मध्ये सुमारे 8.30 कोटी झाले. देशाच्या लोकसंख्येतला वाटा मात्र 6.99 टक्क्यांवरून 6.86 वर आला. यातला कोणताही एक आकडा घेऊन 'वृद्धी' किंवा 'ऱ्हास' लिहिणे सोपे आहे. दोन्ही आकडे मिळून एवढेच सांगतात की बोलणाऱ्यांच्या संख्येचा प्रश्न नाही. प्रश्न दुसरीकडे आहे: विज्ञान, कायदा, वैद्यक, तंत्रज्ञान या क्षेत्रांत मराठीतून किती लिहिले जाते आणि मराठी माध्यमात किती मुले जातात. हा क्षेत्रांचा संकोच आहे, आणि 'संकोच' हा शब्द इथे 'ऱ्हासा'पेक्षा नेमका बसतो. कारण आक्रसलेले क्षेत्र कोणते ते नाव घेऊन सांगावे लागते. 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला. भाषेच्या प्राचीनतेला ती मान्यता आहे; कोणत्याही क्षेत्रातला संकोच तिने आपोआप भरून निघणार नाही.

नेमक्या शब्दांची मराठीत वाण नाही, वापरायचा आळस आहे. आतून, हळूहळू, रोगाने होते ते क्षय. वापराने होते ती झीज. नीती सोडून खाली येणे ते अधःपतन. यात दोषारोप आहे, म्हणून पुराव्याशिवाय लिहू नये. दर्जा उतरतो ती अवनती किंवा अपकर्ष. पुन्हा भरती येण्याची शक्यता धरून बोलायचे तर ओहोटी. संस्था पैशाअभावी कोसळायला आली तर ती डबघाईला आली, इमारत असेल तर मोडकळीला. शोभा गेली तर रया गेली, वाईट दिवस चेहऱ्यावर दिसू लागले तर अवकळा आली. पूर्ण नाहीसे झाले तो लोप. इतक्या छटा हाताशी असताना सगळ्यांवर 'ऱ्हास' फासण्याचे कारण नाही.

जमिनीचे उदाहरण घ्या. 'जमिनीचा ऱ्हास' हा विज्ञानातला रीतसर प्रयोग आहे आणि तो तिथे शोभतो, कारण त्याच्या मागे मोजणी असते. इस्रोच्या उपग्रह-नकाशांनुसार 2003-05 मध्ये देशात 9.45 कोटी हेक्टर जमीन ऱ्हास पावलेली होती. 2018-19 मध्ये ती 9.78 कोटींवर गेली, म्हणजे एकूण भूभागाच्या 29.77 टक्के. पाण्याने होणारी धूप, वनस्पतींचे आच्छादन जाणे, वारा, क्षार अशी कारणवार विभागणीही त्यात आहे. पण हाच शब्द ग्रामीण कादंबरीत निवेदकाच्या तोंडी आला की पान मरते. उसाला पाणी देऊन देऊन जमीन चिबड झाली, नंतर चोपण झाली, असे म्हणणारा शेतकरी एका वाक्यात प्रक्रिया सांगून जातो: आधी पाणी साचले, निचरा झाला नाही, मग सोडियम वाढून माती घट्ट बसली. 'ऱ्हास' शब्दाने हे काही कळत नाही.

ललित लेखनाविषयी म्हणून माझे मत थेट आहे. कथा-कादंबरीत निवेदकाने 'ऱ्हास' हा शब्द वापरू नये. एखादे पात्र तसेच बोलणारे असेल, प्राध्यापक असेल, पुढारी असेल, तर खुशाल वापरावे. तिथे तो शब्द त्या पात्राचे वर्णन करतो. वाडा पडत चालल्याचे सांगताना कोणती तुळई वाकली, कोणत्या खणात पाणी गळते, कोणता भाऊ वाटणीला आला, एवढे लिहिले की वाचक बाकीचे स्वतः जोडतो. मर्ढेकरांनी एका कवितेत महायुद्धानंतरच्या माणसाची अवस्था सांगताना 'माना पडल्या, मुरगळल्याविण' एवढेच लिहिले. मुरगळणारा हात कुठे दिसत नाही आणि माना तर पडल्या आहेत. इथे कर्ता नसणे हाच आशय आहे. तो आळसाने गळलेला नाही. ज्या काव्यसंग्रहात ही कविता आहे त्याच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यातून मर्ढेकर निर्दोष सुटले. अभिरुचीच्या ऱ्हासाची ओरड करणाऱ्यांच्या हाती शेवटी ती कविताच उरली.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. काही गोष्टी खरोखर जातात, आणि त्या मोजायच्या आधीच गेलेल्या असतात. दुःख करणाऱ्याकडे आकडे मागणे निर्दयपणाचे नाही का? दुःख करायला आकडे लागत नाहीत, हे मान्यच. विलापाला मराठीत स्वतःची जागा आहे आणि ती कुणी काढून घेऊ नये. पण इतिहास, समीक्षा, धोरण म्हणून लिहायला बसलेल्या माणसाला ती सवलत नाही.

मोडी लिपीबद्दल नेहमी लिहिले जाते त्या वाक्यावर हे घासून पाहता येते. 'काळाच्या ओघात मोडीचा ऱ्हास झाला.' यातले प्रत्येक पद बदलावे लागेल. मोडी झिजली नाही, बिघडली नाही. तिच्यातले अक्षर शेवटपर्यंत पळत होते, कारण हात न उचलता लिहिता यावे यासाठीच ती घडली होती. छपाई आली तेव्हा सुट्या खिळ्यांना बालबोध, म्हणजे आजची देवनागरी, सोयीची ठरली आणि जोडून लिहायची मोडी गैरसोयीची. 1917 मध्ये मुंबई इलाख्याच्या सरकारने कारभारासाठी बालबोध लिपी पुढे केली. शाळांत मोडी त्यानंतरही काही दशके शिकवली जात होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तीही बंद झाली. म्हणजे एक तांत्रिक कारण, एक शासकीय निर्णय आणि एक शैक्षणिक निर्णय. परिणाम असा की दफ्तरखान्यांत आणि घराघरांत पडून असलेले मोडी कागद आज घरच्याच माणसांना वाचता येत नाहीत, आणि जमिनीच्या जुन्या हक्कासाठी मोडी वाचणारा शोधत फिरावे लागते. वाक्य असे लिहिले की पुढचा प्रश्न लगेच समोर येतो: वाचणारे पुन्हा तयार करायचे तर किती, कोणत्या जिल्ह्यांत, आणि इतिहासाच्या पदवी अभ्यासक्रमात मोडी सक्तीची का नाही?